दुधाचेच तर होते

त्या गुरुवारी सकाळी कुमुदबाईंनी दुधात कुस्करलेली भाकरी दोन घास खाऊन बाजूला सारली, कवळी काढून पाण्याच्या पेल्यात ठेवली आणि जबडा कालपासून ठणकतोय, डावीकडून पार कानापर्यंत, असे सांगितले. केतकी दाराशी चपला घालत होती. कवळी सैल होऊन हिरडीला घासत असेल, आज दिवसभर काढूनच ठेव, मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भर, असे तिने पिशवी खांद्यावर घेता घेता सांगितले. दिवसभर दुसऱ्यांचे दात पाहणाऱ्या तिला घरात पुन्हा दातांकडे पाहायचा कंटाळा होता. तिने वळून पाहिले नाही.

“ती मोनाली आली होती काल,” कुमुदबाई म्हणाल्या. “अहिऱ्यांची सून. तिच्या आर्वीचा दात तुझ्याकडे आलाय म्हणे.”

“आई, कामाचं घरी नको.”

“ऐक तर खरं. दुधाचेच तर आहेत अजून...”

केतकी थांबली. हे वाक्य ती तीस वर्षे ऐकत आली होती.

गिरणेकाठच्या त्या गावातल्या अंगणवाडीत कुमुदबाईंनी पस्तीस वर्षे सेविका म्हणून काढली होती. दात यायच्या आधीपासून बाळाच्या हिरड्या ओल्या फडक्याने पुसा, दूध पाजून झोपवलं तर वर दोन घोट पाणी द्या, चोखणीला मध लावू नका, हे त्यांनी दोन पिढ्यांच्या आयांकडून तोंडपाठ करून घेतले होते. बहुतेक आया सगळे ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, बाई, दुधाचेच तर आहेत, पडणारच आहेत. त्यावर कुमुदबाईंचा आवाज चढे. मूल दूध पितं म्हणून ते दुधाचे, दुधासारखे नासवायचे म्हणून नव्हेत, असे त्या ठणकावत.

पण त्यांच्या स्वतःच्या मुलीचे वरचे पुढचे चार दात तिसऱ्या वर्षीच काळे खुंट झाले होते. शाळेत केतकीला चिंचोका म्हणत. पुढे पक्के दात पांढरेशुभ्र आले, तरी हसताना तोंडावर हात धरायची सवय चौतिसाव्या वर्षीही सुटली नव्हती. अंगणवाडीतल्या बायका तोंडावर म्हणत, आम्हाला कशाला शिकवता, आधी घरच्या पोरीचं तोंड बघा. वरच्या बाईंनी एकदा तपासणीच्या वहीतही तसा शेरा मारला होता. या सगळ्यावर कुमुदबाई मान खाली घालून, दुसऱ्यांच्या तोंडून ज्याची त्यांना चीड येई तेच म्हणत. दुधाचेच तर होते. पडले.

“तू तरी हे बोलू नकोस,” केतकी म्हणाली. “सगळ्या गावाला फडकं धरायला शिकवलंस आणि माझ्या तोंडात चिंचोके. तुला माहीत नव्हतं का?”

कुमुदबाई पेल्यातल्या कवळीकडे पाहत राहिल्या. बोळक्या तोंडातून शब्द जरा विरघळून आले.

“माहीत होतं.”

“मग आमच्याकडे त्याला हयगय म्हणतात,” केतकी म्हणाली आणि निघाली.

*

बालदंत केंद्रातले यंत्र शिवणयंत्राच्या पेटीएवढे होते. त्याला थरवाचक म्हणत. झाडाच्या खोडात वर्षाचे एक वलय असते, दातात दिवसाचे असते. मूल आईच्या पोटात असल्यापासून दात केसाहून पातळ थर चढवत जातो. जन्माच्या वेळी त्यात एक ठळक रेघ उमटते, ती जन्मरेषा. पुढे आतल्या बाजूने थर साचत राहतात, ते मूळ विरघळून दात हलू लागेपर्यंत. ताप, उपास, औषध, गोड, प्रत्येकाची खूण त्या त्या दिवसाच्या थरात राहून जाते. थरवाचक पडलेल्या दातातून प्रकाश सोडून त्या खुणा गोळा करी आणि वीस मिनिटांत मुलाच्या पहिल्या चार-पाच वर्षांचा ढोबळ वृत्तांत लिहून देई.

पहिलीच्या प्रवेशाला पहिला पडलेला दात जमा करायचा नियम झाल्यापासून दात कौलावर फेकणे, उंदराला देणे बंद झाले होते. केंद्रप्रमुख डोंगरे म्हणत, तालुक्यातल्या उंदरांचे शाप आपल्यालाच लागणार.

वृत्तांताच्या शेवटी एक प्रश्न असे. आईला माहीत होतं का? रात्री गोड पाजून दात न पुसता झोपवले तर दात किडतात, हे आईला माहीत नसेल तर ते अज्ञान. तिने सहा रविवार वर्गाला बसायचे. माहीत असेल तर ती हयगय. मग मूल वर्षभर निगराणी वर्गात जाई, सकाळी सातपासून संध्याकाळी आठपर्यंत, खाणेपिणे सगळे तिथेच. रात्री घरी सोडताना त्याच्या दाढेला एक मणी चिकटवत. घरात काही गोड तोंडात गेले की मणी केंद्राला कळवी. आईचा शेरा शाळेच्या दाखल्यावर छापला जाई. होय आणि नाही, अशा दोनच चौकटी होत्या.

चौकटीवर खूण करून दात वाचणारी वाचिका सही करी. सहीपूर्वी तिला दर वेळी मोठ्याने शपथ म्हणावी लागे, की माझ्या जबाबदारीतल्या कोणत्याही माणसाची मी जाणूनबुजून हयगय केलेली नाही. शपथ नाकारली तर तिच्या हाताखालून वर्षभरात गेलेले सगळे दात दुसऱ्या जिल्ह्यातल्या वाचिकांकडे जात आणि मुळापासून वाचले जात. अजून कोणी ती नाकारली नव्हती. केतकीने त्या वर्षात चारशे अकरा वेळा ती म्हटली होती, पुढे पुढे भाजीच्या यादीसारखी.

त्या गुरुवारी ट्रेमध्ये सगळ्यात वर आर्वी अहिरेचा दात होता. वृत्तांत नेहमीसारखाच होता. रात्रीचं गोड, हजाराच्या वर रात्री. आईला समोर बोलावून प्रश्न विचारल्याशिवाय सही करता येत नसे, म्हणून केतकीने तो बाजूला ठेवला.

एक वाजता शेजारच्या मंदाकाकूंचा फोन आला. कुमुदबाई ओट्यापाशी बसल्या त्या उठल्याच नाहीत. हातात मिठाच्या पाण्याचा पेला होता.

डॉक्टर तरुण होते, आवाज खाली ठेवून बोलत होते. हृदयविकार, असे ते म्हणाले. काल-परवापासून काही दुखत होतं का, खांदा, पाठ, जबडा? या वयाच्या बायकांची कधी कधी छाती दुखतच नाही, दाताचं दुखणं समजून घरचे थांबतात. केतकीने सांगितले की जबडा दुखत होता. मग लगेच, कोणी विचारलेले नसताना, ती म्हणाली की तिला माहीत नव्हते.

तेच तिने मामांना सांगितले, मंदाकाकूंना सांगितले, दहाव्याला आलेल्या प्रत्येकाला सांगितले. सगळे म्हणाले, तुला तरी काय माहीत, तू काय हृदयाची डॉक्टर आहेस? वाचिकांच्या प्रशिक्षणात तिसऱ्या पाठाखाली एक टीप होती. उतारवयातील स्त्रीचा जबडा दातांच्या कारणाशिवाय दुखत असल्यास प्रथम हृदयाची तपासणी करावी. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता. केतकीने तो बरोबर सोडवला होता. हे तिने कोणालाच सांगितले नाही.

*

तेराव्यानंतर पाहुणे गेले आणि घर एकदम मोठे झाले. वडील ती दहावीत असतानाच गेले होते. लग्न केतकीने केलेच नव्हते. त्यामुळे आवरायला ती एकटीच होती. पहिल्या सकाळी तिने मसाल्याचे डबे पुसायला काढले. लवंगांची पितळी डबी कुमुदबाई स्वतःच्या हाताने उघडत, दात दुखतो म्हणून आलेल्या कोणालाही त्यातली लवंग काढून देत. केतकीने डबी ताटलीत पालथी केली. लवंगांबरोबर आणखी काही तरी खणकन पडले.

चार काळे खुंट. लवंगांत टाकले तर लवंगच वाटतील असे. तिने एक उचलून उजेडात धरला. हे दात कौलावर फेकल्याचे आईने तिला सांगितले होते. तिच्या डोळ्यांसमोरच हात वर केला होता.

तिने एक खुंट रुमालात बांधला आणि कामावर गेली.

दुपारच्या सुटीत डोंगरे जेवायला गेल्यावर तिने तो थरवाचकात ठेवला. नुकत्याच पडलेल्या दातांसाठी केलेल्या यंत्राने काही कुरकुर न करता वृत्तांत लिहिला. रात्रीचं गोड, आठशे तीन रात्री. आईला माहीत होतं का?

तिला उत्तर ठाऊक होते, ते तिला तोंडावर मिळाले होते. खुंट काढून घेण्यासाठी तिने हात पुढे केला आणि मग तसाच थांबवला. वृत्तांताच्या मागे कच्चे थर असतात. ते एकेक उघडून पाहायला तासभर लागतो. प्रवेशाच्या दिवसांत केंद्रात रोज तीस दात येत, त्यामुळे कच्चे थर कोणी पाहत नसे. चारशे अकरा दातांपैकी एकाचेही केतकीने पाहिले नव्हते.

तिने जन्मरेषेपासून सुरुवात केली. पहिले दहा महिने थर स्वच्छ होते. अकराव्या महिन्यात एक काळी रेघ होती, सुरीने ओढल्यासारखी. शरीराला जबर धक्का बसला की अशी रेघ पडते. तापाची रेघ पसरट असते, ही तशी नव्हती. आठ दिवसांनी दुसरी. मग दोन लागोपाठ. पुढच्या चार महिन्यांत तिने सतरा मोजल्या. त्यानंतर थरात एक परका रंग मिसळला होता. केतकीने त्याची ओळख यंत्राला विचारली. आकडी थांबवण्याचे औषध, पातळ, साखरेच्या पाकातले.

गोडाची पहिली रात्र आणि औषधाची पहिली रात्र एकच होती.

केतकीला तोंडात एक चव आठवली. अर्धवट झोपेत ओठाला लागणारा चमचा, तांबडे, चिकट, गोड काही तरी. तिला ते टॉनिक वाटत आले होते.

पहिल्या पंधरा रात्री ते गोड तासाभरात ओसरले होते. म्हणजे कोणी तरी नंतर दात पुसत होते. सोळाव्या रात्री पुन्हा काळी रेघ होती, सगळ्यांत जाड. सतराव्या रात्रीपासून गोड सकाळपर्यंत तसेच राहिले होते, आणि तिथून पुढे जवळजवळ आठशे थरांत काळी रेघ एकही नव्हती.

डोंगरे हात पुसत परत आले तेव्हा ती आर्वीच्या दाताचे कच्चे थर उघडून बसली होती. “वाचिकाबाई, अशा वाचत बसलात तर आर्वी बारावीला जाईल,” असे म्हणून ते आपल्या खोलीत गेले.

*

मोनाली तीन वाजता आली. सत्तावीस वर्षांची, चांगली इस्त्रीची साडी नेसून, जणू शाळेच्या समारंभाला. आर्वी तिच्या मांडीला टेकून उभी होती आणि वरच्या फटीत जीभ घालून पाहत होती. शेजारचे दात काळे होते. खुर्चीत बसण्याआधी मोनालीने बाईंचे ऐकून फार वाईट वाटले असे सांगितले. दहाव्याला आले होते, पण तुमच्यासमोर यायचा धीर झाला नाही, म्हणाली.

केतकीने यंत्राचे कान बंद केले. सहीच्या वेळेखेरीज ते बंद ठेवायची मुभा होती. मग ती घाईने बोलली. प्रश्न आला की माहीत नव्हतं म्हणायचं. सहा रविवार वर्गाला बसायचं, संपलं. बाकी काही बोलू नकोस.

मोनालीने मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

“ते कसं म्हणू, मॅडम? मी बाईंच्या हाताखालची. फडकं बोटाला कसं गुंडाळायचं तेही त्यांनीच दाखवलं. मला माहीत नव्हतं म्हटलं, तर बाईंनी शिकवलं नाही असं होतं.”

“बाई गेल्या आता.”

“म्हणून तर.”

केतकी पुढे झुकली. मग तिने आवाज उतरवून विचारले, “औषध आहे ना रात्रीचं?”

मोनालीने आधी दाराकडे पाहिले. आर्वीला बाहेरच्या माठातले पाणी पिऊन यायला सांगितले. ती गेल्यावर साडीच्या निऱ्या उगाच नीट करत, तुटक तुटक सांगितले. दीड वर्षाची असताना पहिली आकडी आली. गोळी गिळता येत नाही, बिनसाखरेचे औषध तालुक्याला मिळत नाही. सुरुवातीला चमचा दिल्यावर ती पुसायची दात, रोज. पण झोपेत तोंडात बोट गेले की पोर किंचाळून उठायची, रडून रडून काळीनिळी व्हायची. एकदा त्या रडण्यातच आकडी आली आणि बराच वेळ सुटली नाही. घरात सासू आणि नवरा सोडून कोणाला सांगितलेले नाही. मग ती बाईंकडे गेली.

“बाईंनी दार लावून घेतलं,” मोनाली म्हणाली. “म्हणाल्या, पुसू नकोस. दात सोडून दे. दुधाचेच तर आहेत, पुन्हा येतील. डोकं पुन्हा येत नाही.”

बाहेर माठावरचे झाकण वाजले.

“मी म्हटलं, लोक मला आळशी म्हणतील. तर म्हणाल्या, म्हणू दे. माझी तीस वर्षं झाली ऐकून.” मोनालीने वर पाहिले. “त्या बुधवारी परत गेले तर म्हणाल्या, केतकीशी बोलते मी. तिलाही तिचं सांगायचं राहून गेलंय, लग्न व्हायचं म्हणून सांगितलं नाही, आता कशाला झाकू.”

केतकीने टेबलाची कड धरली. ऐक तर खरं, असे आई म्हणाली होती.

आर्वी ओल्या हनुवटीने परत आली. मोनालीने पदराने तिचे तोंड पुसले आणि तिच्या डोक्यावरून केतकीला म्हणाली, “वृत्तांतात औषधाचं लिहू नका, मॅडम. शाळेत जातो तो. पोरगी आहे.”

केतकी पडद्याकडे पाहत बसली. कारण लिहिले तर आकडीची नोंद मुलीच्या दाखल्याला जन्मभर चिकटणार होती. होय केले तर मणी लागणार होता, आणि तो पहिल्याच रात्री चमच्याची खबर देणार होता. मग औषध बंद तरी होईल किंवा उघड तरी. नाही केले तर ते खोटे होते, आणि मोनाली ते म्हणायला तयार नव्हती. काहीच केले नाही तर तीस दिवसांनी यंत्र आपोआप होय धरणार होते. जी आई जाणत होती आणि जाणूनच एक गोष्ट सोडून दुसरी धरत होती, तिच्यासाठी चौकटच नव्हती. अशा किती आया या खुर्चीत बसून माहीत होतं म्हणाल्या आणि उठून गेल्या? केतकीला चेहरे आठवेनात. तिने दात पाहिले होते.

एक वाट मात्र होती. नाकारलेल्या शपथेनंतर जे वाचन होई ते कच्च्या थरांचे असे, आणि ते शाळेत न जाता मोहोरबंद राही; आर्वीचा दातही त्यांत जाणार होता. वाचणारी दुसरी कोणी असेल. ती थांबून वाचेल, की तिच्याही ट्रेमध्ये तीस दात असतील?

“आता मी जे बोलेन ते यंत्र ऐकेल,” तिने मोनालीला सांगितले. “तुला काही विचारलं जाणार नाही. तू फक्त बस.”

“तुमचं काय होईल पण?”

केतकीने यंत्राचे कान उघडले. पडद्यावर शपथ आली. माझ्या जबाबदारीतल्या कोणत्याही माणसाची. तिने तिथपर्यंत मोठ्याने वाचले आणि थांबली. पुढचे शब्द उजळून मिटले, पुन्हा उजळले. थोडा वेळ वाट पाहून यंत्राने शपथ नाकारली आहे का असे विचारले. ती हो म्हणाली. शेजारच्या खोलीत डोंगऱ्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

यंत्राने नाव विचारले. कुमुद सोनवणे, वय सहासष्ट. नाते विचारले. आई. काय झाले ते विचारले. जबडा दुखत होता, असे केतकीने सांगितले. मग यंत्राने, त्याच त्या सपाट आवाजात, तिने चारशे अकरा बायकांना विचारलेला प्रश्न विचारला. आपल्याला माहीत होतं का?

डोंगरे दारात येऊन उभे होते. आर्वी फटीत जीभ घालून तिच्याकडे पाहत होती. केतकीचा हात सवयीने तोंडावर गेला. तिने तो खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि यंत्राकडे न पाहता म्हणाली,

“होतं. आई, मला माहीत होतं गं.”